रजेतल्या सत्तावीस सह्या

माझ्या भाचीला घरात सगळे खडी म्हणतात. लहान असताना ती सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर कामावर यायची आणि परत जाताना फ्रॉकचे दोन्ही खिसे दगडांनी भरून न्यायची. कपडे धुताना माझी बहीण ते खिसे उलटे करायची आणि माझ्या नावाने ओरडायची. "दादा, एक तर पोरीला खेळणं आण, नाहीतर उरलेली खडी पण आणून टाक. इथेच एक खोली वाढवू." नाव तेव्हा चिकटलं ते निघालं नाही.

पुढे ती विद्यापीठात भूशास्त्र शिकायला गेली. चार वर्षांचा अभ्यासक्रम. तिचा बाप, म्हणजे माझा मेहुणा, कारखान्यात लेथवर होता. तो म्हणाला, "दगड शिकायला चार वर्षं? आमचे मास्तर रोज सकाळी सांगायचे, तुम्ही सगळे दगड आहात. आम्हाला फुकटात कळलं." पण तिचा पहिल्या वर्षाचा निकाल त्याने खिशात घालून कारखान्यात नेला आणि सगळ्या खात्यांत फिरवला. घरी परत आणला तेव्हा त्यावर तेलाची बोटं उठली होती.

मी चाळीस वर्षं गिलावा केला. भिंतींपेक्षा छतं जास्त केली. छताला मान वर, हात वर, दिवसभर. त्यात उजवा खांदा गेला. आता हात खांद्याच्या वर जात नाही आणि भरलेली बादली उचलवत नाही. हे आधीच सांगतो, कारण मामा घरी रिकामा असताना पोरीला शिक्षण का थांबवावं लागलं, असं लोक विचारतात.

दुसरी गोष्ट माझ्या सवयीची. कामावर परांचीवर पाय ठेवण्याआधी मी हजेरीपटावर सही करायचो. पूर्ण नाव, आणि पुढे वेळ. माझा एक जोडीदार होता, त्याला आम्ही लंबू म्हणायचो. एका सकाळी तो सही न करता वर चढला. माल कालवून तयार होता, वाळून जाईल म्हणाला, सही चहाच्या वेळी करतो. नवाच्या सुमारास फळी सरकली आणि तो खाली आला. पुन्हा चालला नाही. मुकादमाने हजेरीपट उघडून दाखवला आणि सांगितलं, हा माणूस आज कामावर नव्हताच. आम्ही सहा जणांनी त्याला पडताना पाहिलं होतं. सहा जणांना कुणी विचारलं नाही.

त्यानंतर घरातल्या प्रत्येक पोराला मी हे शिकवलं. जिथे काम कराल तिथे आधी सही करा. पूर्ण नाव, वेळ. नाहीतर तुम्ही तिथे नव्हताच. बाकीची पोरं हसली. खडीने ते मनावर घेतलं.

तिचं दुसरं वर्ष संपलं त्याच महिन्यात मेहुण्याला अर्धांगवायूचा झटका आला. कारखान्यातून घरी आला, बूट काढायला खाली वाकला आणि तसाच कलंडला. उजवी बाजू पूर्ण गेली. वाचा गेली, फक्त एक शब्द उरला. "नको." पाणी देऊ का म्हटलं की "नको" म्हणायचा आणि तोंड उघडायचा. खिडकी बंद करू का, "नको," आणि डोळ्यांनी खिडकी दाखवायचा. कुठलं नको म्हणजे हवं आणि कुठलं खरंच नको, ते ओळखायला आम्हाला पंधरा दिवस लागले. खडीला दोन.

माणूस नव्वद किलोचा. दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं, दर तीन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील, आणि त्या जखमा झटक्यापेक्षा वाईट. बहीण शर्ट शिवण्याच्या कारखान्यात सकाळी आठ ते पाच. तिने काम सोडलं असतं तर घर चाललं नसतं. मी एकदा मेहुण्याला वळवायला गेलो. खांद्यातून कळ आली आणि हात सुटला. तो अर्धा पलंगाबाहेर, मी त्याच्याखाली. खडीने दोघांना सरळ केलं. नर्सकडून ती पद्धत शिकून आली होती. अंगाखाली दुहेरी चादर, एक गुडघा पलंगावर, ताकद पाठीची नाही, मांडीची. वीस वर्षांची मुलगी नव्वद किलो वळवायची आणि धापा टाकत नव्हती. मी पुष्कळ गडी पाहिलेत. ओझं कसं उचलायचं हे इतक्या लवकर कळलेलं कुणी पाहिलं नाही.

विद्यापीठातून वर्षभराची रजा मिळते हे तिनेच शोधून काढलं.

"मामा, नाव राहतं," ती म्हणाली. "वर्षभर जायचं नाही, परीक्षा नाही, पण नाव पटावर राहतं. वर्ष संपलं की तिसऱ्या वर्षाला बसायचं."

"आणि एक वर्षाने तुझा बाप तसाच असला तर?"

"तर काय ते तेव्हा बघू."

बहीण म्हणाली, "दादा, तिला आत्ताच घाबरवू नकोस. आत्ता घाबरायला माझ्याकडे वेळ नाही."

रजा मंजूर झाली. पत्र पलंगासमोरच्या कपाटाच्या दारावर चिकटवलं. मेहुण्याला दिसावं म्हणून.

मी तिला एवढंच सांगितलं की भिंत अर्धी सोडायची असेल तर कड सरळ कापून सोडावी लागते. पातळ करत सोडली तर नंतरचा माल तिला धरत नाही. तिने ते आपल्या पद्धतीने केलं. रजा सुरू होण्याआधी तिसऱ्या वर्षाची पूर्ण यादी आणली, पुस्तकं आणली आणि बापाच्या पलंगाशेजारी स्टुलावर ठेवली. सकाळी सहाला अंग पुसणं, आठला कूस, भरवणं, अकराला कूस, दोनला कूस, पाचला कूस. मधल्या वेळात ती मोठ्याने वाचायची. मेहुणा ऐकायचा. कधी म्हणायचा "नको." ती म्हणायची, "बाबा, हे परीक्षेला आहे, नको म्हणून चालणार नाही." त्याच्या तोंडाची डावी बाजू हसायची.

दोन महिन्यांनी ती पुस्तकं बदलायला विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेली. तिथे तिचे शिक्षक भेटले. घरात त्यांना सगळे दगडांचे सर म्हणायचे. त्यांनी विचारलं, कसं चाललंय. ती म्हणाली, वाचतेय, पण अर्धं कळत नाही. सर म्हणाले, "मंगळवारी आणि शुक्रवारी बाराला माझा तास असतो. मागे येऊन बसत जा. कोण विचारतंय?"

तिने घरी येऊन हिशोब मांडला. अकराला कूस बदलली की दोनपर्यंत बापाला उचलायचं नाही. नुसतं जवळ बसायचं, पाणी द्यायचं, माश्या हाकलायच्या. ते मला जमत होतं. अकरा वीसला घरातून निघायचं, वीस मिनिटं बस, दहा मिनिटं चालणं. एकला तास संपला की परत. पावणेदोनला दारात.

"जमेल का मामा?"

"बसायला खांदा लागत नाही," मी म्हणालो.

असं वर्षभर चाललं. प्रत्येक मंगळवारी आणि शुक्रवारी मी पावणेअकराला पोचायचो. बऱ्याच वेळा मेहुण्याला ताप असायचा किंवा विद्यापीठाला सुट्टी असायची, मग ती जायची नाही. एरवी गेली. परत आली की बूट काढता काढता बापाला तासाला काय झालं ते सांगायची. अमका खडक कसा तयार होतो, तमका कसा ओळखायचा. मला त्यातलं थोडं कळायचं. मेहुण्याला बरंच कळत असावं, कारण धातू आणि दगडाच्या कठीणपणाचा विषय निघाला की तो मान हलवायचा.

त्याचीही प्रगती होत होती. सहाव्या महिन्यात स्वतः कूस बदलायला लागला. दहाव्या महिन्यात पलंगाच्या कडेला बसायला लागला आणि खांदा धरून उभा राहायला लागला. आता उचलायची गरज नव्हती, धरायची होती. मी म्हणालो, पुढच्या वर्षापासून रोज सकाळी मी येतो. तू जा वर्गात.

अकराव्या महिन्यात ती परतीचा अर्ज द्यायला विद्यापीठाच्या कार्यालयात गेली. दुपारी घरी आली ती थेट स्वयंपाकघरात. मी मागोमाग गेलो. पाण्याचा ग्लास हातात होता, पीत नव्हती.

"मामा, कार्यालयातल्या बाई म्हणतात माझी रजा कधीच संपली."

"अजून महिना आहे की."

"गेल्या वर्षीच संपली म्हणतात."

मला कळेना. दुसऱ्या दिवशी शेजारणीला मेहुण्याजवळ बसवलं आणि आम्ही दोघं गेलो.

खिडकीत चष्मेवाली बाई होती. वाईट नव्हती. तिने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. रजेच्या नियमात असं होतं की रजेवरच्या विद्यार्थ्याची एकदा जरी हजेरी लागली, तरी रजा त्या दिवशी संपते. तो विद्यार्थी परत आला असं धरतात. खडीच्या नावावर सत्तावीस हजेऱ्या होत्या. पहिल्या हजेरीला रजा संपली. तिथून पुढे बाकी सगळ्या तासांना गैरहजर, प्रात्यक्षिकांना गैरहजर, परीक्षेला गैरहजर.

"वर्षभर न कळवता गैरहजर," बाई म्हणाली. "अशांचं नाव कमी होतं."

मी खडीकडे बघितलं. "हजेरी कशी लागली?"

"कागद फिरतो ना वर्गात. सहीचा."

"मग?"

"यादीत माझं नाव नव्हतं. खाली लिहायचे."

"सही करायचीस?"

तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी पुढे विचारलं नाही.

बाई म्हणाली, "नोकरीला सतरा वर्षं झाली. न येता सही करणारी पोरं मी रोज बघते. रजेवर असून सही करणारी ही पहिली. अगं, यादीत नाव नव्हतं तर गप्प बसून ऐकायचं. तुला कुणी सही मागितली होती?"

खडी म्हणाली, "मी तिथे होते."

"होतीस, तेच तर नडलं."

समितीकडे अर्ज करता येतो, बाईने सांगितलं. मग आजूबाजूला बघून आवाज खाली केला. "हे बघा, मी काही सांगितलेलं नाही. पण पोरं एकमेकांच्या सह्या ठोकतात, हे समितीलाही माहीत आहे. कुणीतरी मैत्रिणीने परस्पर सह्या केल्या, मला कल्पना नव्हती, नाव माहीत नाही, असं लिहून द्या. ही घरी होती, बापाजवळ. डॉक्टरांचे कागद आहेतच. रजा शाबूत राहते. गेल्या वर्षी एकाचं असंच सुटलं."

बाहेर पायऱ्यांवर आम्ही बसलो. समोरून मुलं जात होती.

"सरांना विचारू?" खडी म्हणाली.

"सर काय सांगणार? त्यांनी तुला बसवलं हे कळलं तर त्यांच्यावरही येईल."

"म्हणजे मी गेलेच नाही असं लिहू?"

"बाई म्हणाली तसं लिही."

"मामा, तू सांगतोस हे?"

"हो."

"लंबूकाकाचं काय मग?"

"लंबूची सही नव्हती म्हणून तो बुडाला. तुझी आहे म्हणून तू बुडतेस. मी चाळीस वर्षं भिंती केल्या, कागद केले नाहीत. मला त्यातलं कळत नाही. त्या बाईला कळतं. तिचं ऐक."

तिने पिशवीतून वही काढली, पान फाडलं आणि पायरीवरच लिहिलं. हात थांबत थांबत चालला होता. एरवी ती भराभर लिहिते. खाली सही केली, पूर्ण नाव. आत जाऊन देऊन आली.

समितीची तारीख तीन आठवड्यांनी आली. मला आत घेतलं नाही. बाहेरच्या बाकावर बसून होतो. समोरची भिंत नवी होती, गिलावा घाईत केलेला, कोपऱ्यात ओळंबा चुकलेला. मी बोटाने वाजवून बघितली. दोन हात लांबीची पट्टी पोकळ वाजत होती. करणाऱ्याने पाणी मारलं नव्हतं. कुणाला सांगायचं हेही मला माहीत नव्हतं, आणि सांगून उपयोगही नव्हता.

पाऊण तासाने ती बाहेर आली. चेहरा कोरा. "चल," म्हणाली. फाटकाबाहेर आल्यावर तिने सांगितलं.

आत तीन जण होते. दोन बाया आणि एक वयस्कर गृहस्थ. त्यांनी सुरुवातीला बापाची चौकशी केली. डॉक्टरांचे कागद पाहिले. मग त्या गृहस्थाने हजेरीचे सत्तावीस कागद टेबलावर मांडले. बाकी पोरांच्या सह्या म्हणजे नुसते फराटे. प्रत्येक कागदाच्या तळाशी एक नाव पूर्ण लिहिलेलं, गोल अक्षरात, आणि पुढे वेळ. बारा वाजून दोन मिनिटं. बारा वाजता. बारा वाजून पाच मिनिटं. त्याने तिचा अर्ज शेजारी ठेवला, खालची सही वर करून.

"दुसऱ्याची सही करणारा माणूस आपण किती मिनिटं उशिरा आलो ते लिहीत नाही," तो म्हणाला. रागाने नाही, असं खडी म्हणाली. त्याला वाईट वाटत होतं.

मग त्याने विचारलं, "या सह्या कुणाच्या?"

"माझ्या," ती म्हणाली.

"आणि हा अर्ज?"

"तोही माझा."

हा अर्ज लिहायला कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. तिने सांगितलं, कुणी नाही. त्या खिडकीतल्या बाईचं नाव घेतलं नाही. माझंही नाही. सरांचंही नाही. मागे बसायची परवानगी कुणी दिली, तर म्हणाली मीच जाऊन बसले.

निकालाचं पत्र आठ दिवसांनी आलं. नाव कमी केलं आहे. लेखी खोटी माहिती दिल्यामुळे तिसऱ्या वर्षात पुन्हा घेण्याचा विचार करता येत नाही. पुढच्या वर्षी नव्याने, पहिल्या वर्षासाठी अर्ज करता येईल. आधीची दोन वर्षं धरली जाणार नाहीत.

दगडांचे सर घरी आले. जिन्यातच थांबले, आत मेहुणा होता म्हणून. त्यांनी समितीला पत्र दिलं होतं की मीच तिला बसवलं. उशीर झाला होता. मी विचारलं, "तिने सुरुवातीलाच खरं लिहिलं असतं तर?"

"सांगता येत नाही," सर म्हणाले. "नियम नियमच आहे. पण कदाचित घेतलं असतं. सांगता येत नाही."

वरून खडी आली. सर तिला म्हणाले, "तू तासाला येत जा. पूर्वीसारखी मागे बस. फक्त सही नको."

"नको सर," ती म्हणाली. "नुसतं बसायला मी काय खुर्ची आहे?"

सर हसले नाहीत. तीही हसली नाही.

मी एकटाच पुन्हा कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईने मला ओळखलं आणि मान खाली घातली. मी म्हणालो, मला लिहून द्यायचंय की खोटं लिहायला मी सांगितलं. पोरीचा दोष नाही.

"तुम्ही तिचे पालक?"

"मामा."

"पालकांचंच घेतात." मग ती हळू बोलली. "आणि घेतलं तरी काय होईल? तिने खोटं लिहिलं हे आणखी पक्कं होईल. काका, घरी जा."

घरी जाण्याशिवाय करण्यासारखं काही नव्हतं. एखादी भिंत बिघडली तर मी ती फोडून परत करायचो, रात्र झाली तरी. मुकादम नको म्हणाला तरी. इथे हात कुठे घालायचा तेच दिसत नव्हतं.

बहिणीने पत्र दोनदा वाचलं. "दादा, तू शिकवलंस म्हणून ती सही करत होती," ती म्हणाली. "आणि तू सांगितलंस म्हणून खोटं लिहिलं." ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडली नाही. पीठ मळत होती, मळत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "त्यांना सांगायचं नाही. डॉक्टर म्हणालेत, मनाला लागेल असं काही नको. पुन्हा झटका आला तर मी काय करू?"

खडी म्हणाली, "नाही सांगत."

पण मेहुण्याला महिना माहीत होता. कपाटावर पत्र होतं, त्यावर रजेची शेवटची तारीख होती, आणि पलंगावर पडून माणूस दुसरं काय करणार. तो तारखा मोजत होता. तारीख आली त्या सकाळी मी ठरल्याप्रमाणे नऊला पोचलो. पाहतो तर तो पलंगाच्या कडेला बसलेला, केस ओले करून विंचरलेले, डाव्या हाताने खडीची पिशवी पुढे सरकवत होता. तिच्यात वही नव्हती म्हणून "नको, नको" करत वहीकडे बोट दाखवत होता.

खडीने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

तिने वही पिशवीत घातली. पुस्तक घातलं. बूट घातले. "बाबा, येते," म्हणाली. मेहुण्याने डावा हात वर केला, जितका वर जातो तितका.

मी तिच्यामागे जिन्यापर्यंत गेलो. "कुठे जाणारेस?"

"माहीत नाही. तू आत जा, बाबा बघतील."

खिडकीतून रस्त्यापलीकडचा बसथांबा दिसतो. ती तिथे जाऊन बाकावर बसली. विद्यापीठाची बस आली, पोरं चढली, बस गेली. ती बसून राहिली. दुसरी आली, तीही गेली. मेहुण्याला मी खिडकीकडे वळू दिलं नाही. पडदा ओढला आणि ऊन फार आहे म्हणालो. तो म्हणाला "नको," आणि या वेळचं नको खरंच नको होतं. उजेड हवा होता त्याला. मी पडदा उघडला नाही.

दर अर्ध्या तासाने मी पडद्याच्या फटीतून बघायचो. तिने पुस्तक उघडलं होतं. वही मांडीवर घेऊन काहीतरी लिहीत होती. अकरानंतर बाकावर ऊन आलं तेव्हा ती थांब्याच्या मागच्या भिंतीच्या सावलीत गेली, जमिनीवर बसली आणि पुन्हा वाचायला लागली. बारा वाजता मी मेहुण्याला भरवलं. अर्धं सांडलं. माझा डावा हात अजून सरावला नाही.

पावणेदोनला ती आली. बूट दारात काढले, हात धुतले आणि बापासमोर स्टुलावर बसली.

"बाबा, आज गार्नेट झालं," ती म्हणाली. "लाल खडा असतो तो. पोलादावर ओढला तर पोलादाला ओरखडा पडतो, त्याला काही होत नाही. तुमच्या लेथच्या साध्या पात्याने तो कापला जाणार नाही."

मेहुण्याने भुवया वर केल्या. डाव्या हाताच्या दोन बोटांनी हवेत काहीतरी धरून फिरवलं, मग मान जोरात हलवली. त्याला ते पटत नव्हतं.

"नाही कापत," ती म्हणाली. "वहीत लिहून आणलंय. थांबा, दाखवते." आणि वही काढून तिने त्याच्या मांडीवर ठेवली.